बॉल तोच, पॉलिश पेपर वेगळा

आज टेनपिन बोलिंग. मॉलच्या गेमझोनमधलं नाही हां. इथे ओहायोत मी दर बुधवारी लीग खेळतो, त्यातलं.

पहिल्याच सीझनला मी शेण खाल्लं. टीममधल्या मित्राच्या चकचकीत बॉलने धडाधड स्ट्राइक पडायचे, म्हणून मीही तोच घेतला. मॉडेल तेच, वजन तेच, 15 पौंड. त्याचा बॉल शेवटी झपकन वळायचा, माझा आपला सरळ. तीन आठवडे टीम माझ्यामुळे हरली आणि मी मनगटाला दोष देत बसलो.

भानगड तेलाची होती. लेन 60 फूट लांब असते आणि साधारण पहिल्या 40 फुटांवर तेल असतं. तेलावर बॉल घसरतो, पुढे कोरड्यात पकड मिळाली की वळतो. मित्र बॉल हळू सोडतो, पण फिरकी भरपूर. त्याला गुळगुळीतच बरा, नाहीतर बॉल फार लवकर वळेल. मी पडलो गल्ली क्रिकेटचा फास्ट बोलर! वेग जास्त, फिरकी नावाला. पकड मिळायच्या आत माझा बॉल पिनांपाशी पोचलेला. पावसात गोटा झालेला टायर कसा घसरतो, तसं.

दुकानातल्या आजोबांनी मला नवीन बॉल विकला नाही. पॉलिश उतरवून 2000 ग्रिटच्या पॅडने घासून दिला, बस. ग्रिट म्हणजे आपल्या पॉलिश पेपरचा नंबर: 500 खरखरीत, 4000 बराच गुळगुळीत. पुढच्या बुधवारी बॉल वळला राव!

पण दोनच गेम. तिसऱ्यापर्यंत सगळ्यांच्या बॉलनी तेल पुसून नेलं होतं. आता माझा खरखरीत बॉल आधीच वळून दमायचा आणि कोपऱ्यातली 10 नंबरची पिन हसत उभी. मी पिशवीतून 4000चं पॅड काढलं, तर कॅप्टनने हातच धरला. सामना सुरू झाल्यावर बॉल घासणं नियमात बसत नाही. मग काय, पाय डावीकडे सरकवले आणि खेळलो. 6 पिनांनी हरलो.

आता दोन बॉल नेतो, एक घासलेला, एक चकचकीत. घासलेलाही खेळून खेळून गुळगुळीत होतो, म्हणून सहाएक गेम झाले की घरी पुन्हा पॅड मारतो. आणि हो, मॉलमधला प्लॅस्टिकचा बॉल घासायला जाऊ नका. तो सरळच जाणार, आणि मॅनेजर ओरडेल ते वेगळंच.

चला, भेटू पुढच्या भागात.