गोल्फच्या काठ्या आणि खेळाडूंची निष्ठा

(नभोवाणीवरील भाषण)

गवयाला आपला तंबोरा प्रिय असतो. मिरजेच्या अमुक घराण्यांतील कारागिरानेंच तो केलेला हवा, याविषयीं तो जितक्या आग्रहानें बोलेल तितक्या आग्रहानें तो स्वतःच्या गळ्याविषयींहि बोलणार नाहीं. लेखकाचें आपल्या टांकाशीं व शिंप्याचें आपल्या कात्रीशीं असेंच नातें असतें. साधनावर माणसाचा जीव जडतो; आणि तें साधन खेळाचें असलें, जिंकण्या-हरण्याचा प्रश्न त्याच्याशीं निगडित असला, म्हणजे त्या प्रेमाला श्रद्धेचें रूप येतें. गोल्फ खेळणारे लोक आपल्या काठ्यांवर व त्या काठ्या करणाऱ्या कारखान्यांवर जी निष्ठा ठेवतात, ती कोठून येते, कशी पालटते आणि तिची किंमत अखेर कोण देतो, याविषयीं आज मी आपणांपुढें चार शब्द बोलणार आहें.

गोल्फ हा आपल्याकडे थोड्यांचा खेळ आहे हें खरें. परंतु तो नवा मात्र नाहीं. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं स्थापन झाला व ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब म्हणून त्याची गणना होते. मुंबईकरांना चेंबूरचें १९२७ सालापासूनचें मैदान ठाऊक आहेच. लहानसा चेंडू, दूर जमिनींत केलेली एक खळी, आणि शक्य तितक्या कमी टोल्यांत तो चेंडू त्या खळींत घालणें, एवढाच हा खेळ. लांब टोल्यासाठीं एक काठी, वाळूंतून चेंडू उचलण्यासाठीं दुसरी, आणि खळीपाशीं आल्यावर तो हलकेच ढकलण्यासाठीं तिसरी, असा खेळाडूचा सरंजाम असतो. या शेवटच्या काठीला पटर म्हणतात. इंग्रजींत काठीलाहि क्लब व संस्थेलाहि क्लबच म्हणतात. घोटाळा नको म्हणून मी काठी हाच शब्द वापरतों.

या खेळाच्या इतिहासांत निष्ठेवरून झालेला पहिला मोठा कलह काठीचा नव्हे, चेंडूचा आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज या गांवीं ॲलन रॉबर्टसन हा नामांकित खेळाडू राहत असे. कातड्याच्या लहानशा पिशवींत पिसें ठांसून भरून चेंडू तयार करणें हा त्याचा धंदा. काम फार कष्टाचें. कसलेल्या हातांतूनहि दिवसाकाठीं तीन-चारच चेंडू निघत. त्यामुळें किंमत भारी, आणि पावसांत भिजला कीं चेंडू निकामी. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकापासून होणाऱ्या गटापर्चाचा चेंडू प्रचारांत आला. तो स्वस्त होता, पाण्याला भीत नव्हता, आणि बिघडला तर ऊन पाण्यांत मऊ करून पुन्हां वळतां येत असे. रॉबर्टसनला त्यांत आपल्या धंद्याचा अंत दिसला. त्याच्या हाताखालीं टॉम मॉरिस काम करीत होता. त्यानें एका सामन्यांत हा नवा चेंडू वापरला, तें धन्याच्या कानांवर गेलें आणि दोघांचें बिनसलें. १८५१ मध्यें मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. पुढें १८६० सालीं त्याच प्रेस्टविकच्या मैदानावर ओपन स्पर्धेचा आरंभ झाला व मॉरिसनें ती चार वेळां जिंकली. रॉबर्टसनलाहि शेवटीं गटापर्चाचे चेंडू पत्करावे लागले.

रॉबर्टसन हट्टी होता, एवढें म्हणून आपल्याला मोकळें होतां येणार नाहीं. ज्याच्या घरची चूल पिसांच्या चेंडूवर पेटत होती, त्याची निष्ठा आणि त्याचें पोट हीं वेगळीं काढतां येत नाहींत. पण त्याच वेळीं हेंहि विसरूं नये कीं, चेंडू स्वस्त झाला म्हणूनच साधारण स्थितीच्या माणसाला हा खेळ परवडूं लागला. एकाच्या निष्ठेचा पराभव हा पुष्कळांचा लाभ होता.

अर्ध्या शतकानंतर हाच प्रसंग पुन्हां घडला. त्या काळचा थोर खेळाडू हॅरी व्हार्डन १९०० सालीं अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. स्पाल्डिंग कंपनीनें गटापर्चाचा एक चेंडू काढून त्याला व्हार्डनचें नांव दिलें होतें, आणि त्या चेंडूचा प्रसार हा या दौऱ्याचा एक उद्देश होता. व्हार्डननें त्या वर्षीं अमेरिकेची ओपन स्पर्धाहि जिंकली. पण त्याच अमेरिकेंत कोबर्न हॅस्केल या गृहस्थानें ताणलेल्या रबराचा दोरा गुंडाळून केलेल्या चेंडूचा हक्क १८९९ मध्येंच नोंदविला होता. १९०२ सालीं हॉयलेक येथें ओपन स्पर्धा झाली. सँडी हर्ड हॅस्केलचा चेंडू घेऊन खेळला, व्हार्डन आणि जेम्स ब्रेड जुन्याच चेंडूनें खेळले. हर्डचे टोले ३०७ झाले. त्या दोघांचे प्रत्येकीं ३०८. एका टोल्यानें अजिंक्यपद गेलें. गटापर्चाचें युग त्या दिवशीं संपलें म्हटलें तरी चालेल. ज्या चेंडूवर आपलें नांव छापलें आहे तो टाकून देणें किती कठीण असतें, याचा हिशेब कोणत्याहि गुणपत्रकांत मांडलेला नसतो.

आतां काठ्यांकडे वळूं. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत काठीचा दांडा अमेरिकेंतील हिकरी नांवाच्या झाडाच्या लाकडाचा असे. लाकूड तें लाकूड. कोणतेहि दोन दांडे सारखे नसत. एक अधिक लवे, दुसरा किंचित् पिळवटे, तिसरा हातांत जड वाटे. म्हणून खेळाडू दहा काठ्या हाताळून एक निवडी आणि जन्मभर जपे. बॉबी जोन्सनें १९३० सालीं एकाच वर्षांत चारहि मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या अशाच हिकरीच्या काठ्यांनीं. पुढें कोणी शास्त्रीय रीतीनें त्या काठ्या तपासल्या, तेव्हां त्या सर्व एकमेकींशीं जुळत होत्या, एकच काय ती जुळली नाहीं. आणि त्याच काठीनें आपल्याला नेहमीं त्रास दिला असें जोन्स म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. या निष्ठेला मी डोळस निष्ठा म्हणेन. ती कारखान्यावरची नव्हती, त्या एका विशिष्ट काठीवरची होती. आणि तिची परीक्षा हातानें केलेली होती.

मग पोलादी दांडा आला. अमेरिकेच्या संघानें १९२४ मध्यें व सेंट अँड्रूजच्या नियामक मंडळानें १९२९ मध्यें त्याला मान्यता दिली. १९३१ सालीं बिली बर्क पोलादी दांड्यांच्या काठ्यांनीं अमेरिकेची ओपन स्पर्धा जिंकला, आणि हिकरीचे दिवस भरले. गंमत अशी कीं, आरंभीच्या पुष्कळ पोलादी दांड्यांना लाकडासारखा रंग किंवा आवरण देत असत. कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना हिकरीची संवय होती. पोलादाचा मोठा गुण म्हणजे सारखेपणा. एका सांच्यांतून हजार काठ्या काढा, त्या हजार सारख्याच. मॅशी, निब्लिक, स्पून हीं काठ्यांचीं जुनीं गमतीदार नांवें हळूहळू मागें पडलीं व त्यांच्या जागीं अनुक्रमांक आले. काठ्यांची संख्याहि फुगत गेली. कोणी कोणी वीस-पंचवीस काठ्या घेऊन मैदानावर येऊं लागले. तेव्हां अमेरिकेंत १९३८ पासून व ब्रिटनमध्यें १९३९ पासून चौदा काठ्यांची मर्यादा घालावी लागली.

माझ्या मतें निष्ठेच्या इतिहासांतील खरें वळण हें आहे. काठ्या जोंवर भिन्न होत्या तोंवर माणूस काठीवर प्रेम करीत होता. त्या सारख्या झाल्या, तेव्हां प्रेम करावयाला वेगळेपण उरलें नाहीं. आणि जें वस्तूंत उरलें नाहीं तें कारखान्यांनीं नांवांत आणून ठेवलें. विजेत्याची सही काठीवर कोरली जाऊं लागली. जोन्सनें खेळांतून निवृत्त झाल्यावर स्पाल्डिंगसाठीं काठ्यांची योजना केली. जीन साराझेन १९२३ सालीं विल्सन कंपनीशीं जोडला गेला, तो १९९९ मध्यें वारला तोंवर त्याच कंपनीचा राहिला. पाऊणशें वर्षांचें हें नातें! वाळूंतून चेंडू काढण्याच्या काठीच्या तळाला धातू चढवून तिला नवें रूप देणारा हाच साराझेन, आणि १९३२ ची ओपन स्पर्धा त्यानें ती काठी घेऊन जिंकली. येथें निष्ठेबरोबर मोबदला होता, हें सांगावयास नकोच. पण निदान ती दोन्ही बाजूंनीं पाळली गेली.

नांवाचें हें राज्य मात्र अढळ नसतें. नॉर्वेंत जन्मलेला कार्स्टन सोल्हाइम हा अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनींत यंत्रज्ञ होता. त्याला स्वतःला पटरनें नीट खेळतां येईना, म्हणून १९५९ सालीं त्यानें घरींच एक पटर तयार केला. चेंडूला लागतांच त्यांतून ‘पिंग’ असा आवाज येई, म्हणून पिंग हेंच नांव पडलें. वजन मध्यें न ठेवतां दोन्ही टोंकांकडे वाटून दिलें, तर टोला थोडा चुकला तरी काठी हातांत फिरत नाहीं, हें त्याचें साधें तत्त्व. त्या काठीचें रूप पाहून लोक हंसले. परंतु १९६६ सालच्या त्याच्या अँसर नांवाच्या पटरचा आकार पुढें इतक्या कारखान्यांनीं उचलला कीं, आज कित्येकांना तो आकार पटरचा स्वाभाविकच आकार वाटतो.

लांब टोल्याच्या काठीचें डोकें पर्सिमन नांवाच्या लाकडाचें असे. हें झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळांतलें. या लाकडी काठ्यांत मॅकग्रेगर कंपनीचा लौकिक मोठा होता, आणि जॅक निकलाउसनें आपले बहुतेक मोठे विजय तिच्याच काठ्यांनीं मिळविले. १९७९ सालीं गॅरी ॲडम्स यानें टेलरमेड ही कंपनी काढून धातूचें डोकें बाजारांत आणलें. १९९१ सालीं ईली कॅलवे यानें पहिल्या महायुद्धांतील जर्मन तोफेचें नांव देऊन ‘बिग बर्था’ ही मोठ्या डोक्याची काठी काढली. हा गृहस्थ पूर्वी कापडाच्या व नंतर द्राक्षमद्याच्या धंद्यांत होता. चुकलेला टोलाहि बराच सांवरून घेणारी ही काठी सामान्य खेळाडूंनीं उचलून धरली. १९९३ ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगर लाकडी डोक्याच्या काठीनें जिंकला. त्यानंतर तें लाकूड मोठ्या विजयांतून नाहींसें झालें. मॅकग्रेगरची मालमत्ता २००९ सालीं एका विक्रेत्या कंपनीनें विकत घेतली. आणि नवल हें कीं, ती घेणाऱ्या कंपनीचेंहि २०१६ सालीं दिवाळें निघालें.

निष्ठा किती झपाट्यानें पालटते याचें उदाहरण हवें असेल तर ऑक्टोबर २००० मधील घ्या. लास व्हेगस येथील स्पर्धेच्या वेळीं टायट्लिस्टनें प्रो व्ही वन हा नवा चेंडू खेळाडूंच्या हातीं दिला, आणि त्या एका आठवड्यांत ४७ खेळाडूंनीं आपला जुना चेंडू सोडला. हॅस्केलच्या दोरा गुंडाळलेल्या चेंडूची शंभर वर्षांची सत्ता त्यानंतर पाहतां पाहतां संपली. नायकी कंपनी टायगर वूड्सच्या नांवावर या धंद्यांत पुढें आली. पण तिनेंहि ऑगस्ट २०१६ मध्यें काठ्या व चेंडू करणें थांबविलें. वूड्सचें एक उदाहरण मात्र फार बोलकें आहे. त्याच्या १५ मोठ्या विजयांपैकीं १४ विजयांत खळीपाशीं त्याच्या हातांत एकच पटर होता, आणि तो नायकीचा नव्हता. बाकीच्या काठ्या करारानें बदलल्या; जेथें एका वितीवर स्पर्धेचा निकाल ठरतो तेथें त्यानें हाताचेंच ऐकलें. त्या पटरचा आकार सोल्हाइमच्या अँसरच्या वळणाचा आहे, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

सारांश, निष्ठा दोन प्रकारची असते: एक हाताची, दुसरी नांवाची. धंदेवाईक खेळाडूला नांवाच्या निष्ठेचे पैसे मिळतात. आपल्यासारख्या हौशी माणसाला ते द्यावे लागतात. विजेत्याच्या पिशवीवरचें नांव पाहून आपण जी काठी विकत घेतों, ती नेण्यासाठीं त्याला मोबदला मिळालेला असतो, आणि त्या मोबदल्याचा अंश आपल्याच बिलांत असतो. ज्या घरांत मुलांच्या फीचा व औषधपाण्याचा हिशेब महिनाअखेर जुळवावा लागतो, तेथें हा अंश क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. म्हणून नवी काठी घेतांना दुकानदाराला नांव झांकून ती हातांत द्यावयास सांगावी, पांचपन्नास टोले मारून पाहावे, आणि जुनीपेक्षां ती खरोखर सरस ठरली तरच घ्यावी. सरस ठरली तर मात्र जुनीचा मोह धरूं नये; व्हार्डनसारख्याला तो एका टोल्याला महाग पडला. आणि ज्या कारागिराचा धंदा आपल्या या निवडीनें बसणार असेल, त्याला निदान हंसूं तरी नये. रॉबर्टसनच्या दुकानांतील पिसें एके काळीं उत्तम खेळाडूंच्या भरंवशाचीं होतीं.