गायरानातली सायकलवाट आणि आपलं फावडं

(शाहूपुरीत झालेल्या प्रभागसंघांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललेलं जवळपास तसंच ठेवलं आहे. ज्या बैठकीला आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी जास्तीच्या घातल्या आहेत.)



एसटी स्टँडवरून चालत इथं येताना गुळाची पेठ बघितली. राजर्षी शाहू महाराजांनी ही पेठ वसवली ती व्यापारासाठी. आपल्या गावातून गूळ, हळद, शेंग इकडं यायची आणि पैसा तिकडं जायचा. आता आणखी एक गोष्ट गावाकडं यायला लागलीय, ती म्हणजे शहरातली सायकल. रविवारी पहाटे पंचगंगेचा पूल ओलांडून जोतिबाच्या, पन्हाळ्याच्या अंगाला जाणारी टोपीवाली पोरं-पोरी तुम्ही बघितली असतील. त्यातल्या काहींना डांबरी रस्ता नको असतो. त्यांच्या सायकलीचे टायर जाड, समोर स्प्रिंग. त्यांना माळावरची, डोंगरातली वाट पाहिजे. ती वाट कुणाच्या रानातून जात नाही, जाते गायरानातून. म्हणजे तुमच्या-माझ्या शेरडांच्या, जळणाच्या, वैरणीच्या जागेतून. म्हणून आज हा विषय.

आधी आमच्या वाडीत काय झालं ते सांगते. त्यात आमचीही चूक आहे, ती लपवत नाही.

दोन वर्षांमागं उन्हाळ्यात सात-आठ पोरं आली. पोरं चांगली होती, मावशी-मावशी करून बोलायची. माळावरून खाली वाडीच्या रस्त्यापर्यंत सायकलवाट काढायची म्हणाली. गावातल्या कारभाऱ्यांनी तोंडी "काढा की" म्हटलं. कागद नाही, ठराव नाही. दोन रविवारात त्यांनी वरून खाली सरळ रेघ मारावी तशी वाट काढली. गवत तासलं, दगड बाजूला केले. आम्हालाही बरं वाटलं, कारण भारा घेऊन उतरायला जवळची वाट झाली.

मग मृग लागला. पाण्याला आयती सरळ वाट मिळाली. बेंदूर येईपर्यंत वाटेचा ओघळ झाला, गुडघ्याएवढा खोल. सगळी तांबडी माती वाहून खाली आली ती आमच्या गटातल्या एका बाईच्या तरव्यात. घरात करती तीच एकटी. तरवा गाळाखाली गेला, तिला रोपं विकत घ्यावी लागली आणि लावण पंधरा दिवस मागं पडली. आमचा राग डोक्यात गेला. आम्ही दहा-बारा जणी गेलो आणि वरच्या तोंडाला बोरीच्या काट्या टाकून वाट बंद केली. फांद्या तोडणाऱ्यात मी पुढं होते. पाऊस उघडल्यावर एक पोरगा दिवस मावळताना वरून आला, त्याला काट्या दिसल्या नाहीत. हात मोडला त्याचा. एकोणीस वर्षांचं पोर. दवाखान्यात मी त्याच्या आईसमोर उभी होते, ती मला एक शब्दही वावगं बोलली नाही. त्या दिवशी मला झोप लागली नाही.

त्यानंतर आम्ही आणि ती पोरं एकत्र बसलो. काय शिकलो ते सांगते.

पहिलं, जागा कुणाची? गायरान "गावाचं" असं आपण म्हणतो. पण सातबारा काढून बघा, ती जमीन सरकारची असते, ग्रामपंचायतीकडं तिची देखभाल असते. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग यांच्या खटल्यात निकाल दिला की गावाच्या सामाईक जमिनी अशा कुणी बळकावून बसू शकत नाही. म्हणजे सरपंचाच्या तोंडी होकाराला काडीची किंमत नाही, आणि आपण काट्या टाकून बंद करतो त्यालाही नाही. ग्रामसभेचा ठराव पाहिजे आणि महसूल खात्याकडून लेखी परवानगी पाहिजे. वनखात्याची हद्द लागली तर तिथं ग्रामपंचायतीचंही चालत नाही. तिथं वनखात्यालाच विचारायचं. वनहद्दीचा बुरूज कुठं आहे हे तरण्या पोरांपेक्षा आपल्याला चांगलं माहीत असतं, कारण जळणाला गेल्यावर गार्डानं आपल्यालाच अडवलेलं असतं!

आपल्या जिल्ह्यात पन्हाळा, विशाळगड, गगनबावडा या भागातलं काही जंगल आता संवर्धन राखीव झालं आहे. वन्यजीव कायद्यात अशा क्षेत्रासाठी समिती असते आणि त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी तिच्यावर असतो. तो कोण आहे, बाई आहे का बाप्या आहे, तो बैठकीला जातो का, हे विचारा. आमच्याकडं तीन जणींनी विचारलं, तिघींना तीन नावं सांगितली.

आणखी एक. आपल्या कायद्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, सह्या घरी फिरवून आणतात. वाटेसारखा विषय त्याच सभेत येतो. नकाशा भिंतीवर लावल्याशिवाय सही करू नका. त्या नकाशात पाणवठा, शेरडं चरायची जागा, करवंदाच्या जाळ्या आणि खालची शेतं दाखवली आहेत का ते बघा. आमच्या पहिल्या नकाशात यातलं काहीच नव्हतं.

आता वाट कशी काढायची. हे काम आपल्याला परकं नाही बरं का. तुमच्यातल्या किती जणींनी रोजगार हमीवर समतल चर खणलेत? हात वर झाले तेव्हा निम्मा हॉल होता. ज्या बाईला चर आखता येतो तिला सायकलवाट आखता येते. चर पाणी अडवतो, वाटेनं पाणी सोडून द्यायचं, एवढाच फरक.

ए-फ्रेम तीच घ्यायची. दोन पाय, मधे आडवी पट्टी, वरून ओळंबा. दोन पायांत बरोबर दोन मीटर अंतर ठेवा. आधी डोंगराचा उतार मोजा. फ्रेम उताराला सरळ उभी लावा, ओळंबा मधल्या खुणेवर येईपर्यंत खालचा पाय उचला आणि त्या पायाखाली किती जागा राहिली ते मोजा. चाळीस सेंटिमीटर राहिली तर दोन मीटरला चाळीस, म्हणजे शंभराला वीस. वाटेचा चढ त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, म्हणजे शंभराला दहाच्या आत. जगभर वाटा बांधणारे हा निम्म्याचा नियम पाळतात. त्याचं कारण साधं आहे. वाट डोंगराच्या उताराला आडवी असली तर पाणी वाटेवरून ओलांडून खाली जातं. वाट उताराच्या अंगानंच गेली तर पाणी वाटेतूनच पळतं आणि तिची नाळ करतं.

यात एक फसगत आहे, ती नीट ऐका. आपल्याला वाटतं की सपाटीला धोका कमी. पण जिथं माळाचा उतारच शंभराला दहा आहे, तिथं निम्मा म्हणजे पाच. तिथं सात-आठाच्या चढाची वाट काढली तरी ती ओघळ होणार. दिसायला हलका चढ, पण पाण्याला बाहेर पडायला जागा नाही. आमच्या जुन्या वाटेचा वरचा तुकडा असाच गेला.

उतार कळला की आखणी. दोन मीटरच्या फ्रेमच्या एका पायाला पंधरा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा बांधा, तो पाय उताराच्या बाजूला ठेवा. ओळंबा मधे आला की चढ शंभराला साडेसात. तिथं खुंटी मारा, पुढं जा. पाचाचा चढ हवा असेल तर ठोकळा दहा सेंटिमीटरचा. आमच्यातली चौथी नापास झालेली बाई हे दोन तासांत शिकली आणि मग इंजिनिअर पोरांच्या खुंट्या तिनं चुकीच्या म्हणून उपटल्या.

खणताना वाटेची सगळी रुंदी डोंगरात कापून काढायची. खालच्या अंगाला भर टाकून वाट रुंद करायची नाही, ती भर पहिल्याच पावसात बसते. निघालेली माती कडेला ढीग करून ठेवायची नाही, खाली लांब पसरायची. वाट दोन हात रुंद असली तर बाहेरची कड आतल्यापेक्षा तीन बोटं खाली पाहिजे. आणि दर पंधरा-वीस पावलांवर उतरत्या वाटेला थोडा उलटा चढ द्यायचा, म्हणजे तिथं जमलेलं पाणी पुढं जाऊ न शकता बाहेर पडतं. सायकलवाल्यांना हे उंचवटे आवडतात, आपल्याला पाणी काढायला लागतात. दोघांचं काम होतं.

वळणावर करवंदाची जाळी असेल तर तोडू नका. तिच्यामुळं सायकल आपोआप हळू होते, कुणी वळण तोडून सरळ खाली जात नाही, आणि उन्हाळ्यात करवंदाची पाटी भरते ती वेगळीच. मसाईच्या पठारासारखं जांभ्याचं सडं असेल तर तिथं कुदळ लावायचीच नाही. तिथं माती वीतभरही नसते, त्यात ती पावसाळी फुलं येतात. उघड्या कातळावरून खुणा करून जायचं, बस.

आता भांडणाची गोष्ट. वाट सामाईक आहे म्हटल्यावर पहिला हक्क कुणाचा? अमेरिकेत कॅलिफोर्नियात डोंगरी सायकली सुरू झाल्यावर हाच तंटा झाला. पायी चालणारे आणि घोडेवाले चिडले, बऱ्याच वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा 1988 साली तिथल्या सायकल क्लबांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि स्वतःलाच नियम घालून घेतले: माणूस किंवा जनावर समोर आलं की सायकलवाल्यानं थांबायचं, ओल्या वाटेवर जायचं नाही, वाटेची डागडुजी आपण करायची. आमच्याही पाटीवर आता तसंच लिहिलंय. डोक्यावर भारा असलेल्या बाईला बाजूला व्हायला सांगायचं नाही. ती आली की सायकल उभी.

सगळा दोष सायकलीवर टाकू नका. दर आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडं हजारो लोक चालत जातात. 1660 साली बाजीप्रभूंनी खिंड लढवली, त्या वाटेची ती आठवण. सुमारे पन्नास किलोमीटर, ऐन पावसात, मसाई पठारावरून, वाड्यावस्त्यांमधून. भाव चांगला आहे, पण मधे चिखल झाला की प्रत्येक जण बाजूनं जातो. वाट दोन हातांची चार हात होते, चाराची दहा. तिथं काम दगडाचं आहे. चिखलाच्या जागी बिनसिमेंटची फरसबंदी घातली, तर लोक मधूनच चालतात. बांधावरच्या तालीचं काम ज्यांना येतं त्यांना हे येतं.

देखभालीचं सांगते आणि पैशाचं सांगते, मग थांबते.

वाट बघायला उन्हात जाऊ नका. इरलं नाहीतर छत्री घ्या आणि धो-धो पाऊस असताना जा. पाणी कुठं थांबतं, कुठं पळतं, ते तेव्हाच दिसतं. एक फावडं जवळ असू द्या, तिथल्या तिथं बाहेरची कड मोकळी करा. वर्षभर चालून चालून बाहेरच्या कडेला मातीची वरंब होते आणि ती पाणी अडवते. ती काढणं हेच निम्मं काम. वाटेवर पाऊल रुतून ठसा उमटत असेल तर वाट बंदची पाटी लावा, आणि हो, दिसेल अशी पाटी लावा, काट्या नकोत.

हे काम कुणी करायचं? इथं माझं मत कडक आहे. पहिल्या दिवशी श्रमदान ठीक. फोटो निघतात, झुणका-भाकरी आपण करतो, सगळे खूश. पण दरवर्षी जून ते सप्टेंबर आठवड्याला एक फेरी ही मजुरी आहे. तिला श्रमदान म्हणू नका. साताऱ्याच्या कास पठारावर गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या फुलांच्या दिवसात प्रवेश शुल्क घेतात, गावातली माणसं तिथं काम करतात. आपल्याकडं सायकलींची शर्यत किंवा मेळावा झाला की प्रत्येकामागं ठरलेली रक्कम देखभालीला, हे ठरावातच लिहून घ्या. पैसा ग्रामसंघाच्या खात्यात, हजेरीपट गटाच्या वहीत, मजुरी रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी नाही. आमच्याकडं पहिल्या वर्षी हे लिहायचं राहिलं आणि शर्यतीचे पैसे कुठं गेले हे मी आजही सांगू शकत नाही. दुसऱ्या वर्षी लिहिलं. पाच जणींना पावसाळ्यात काम मिळालं, तेही लावणीच्या घाईतून उरलेल्या दिवसात.

नवी वाट जुन्या ओघळापासून लांबून, आडवी फिरत खाली येते. लांबी जवळजवळ अडीच पट झाली. भारा घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायका अजून कुरकुरतात, आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांना लांब पडतं. त्यांच्यासाठी मधे दोन ठिकाणी दगडी पायऱ्या बांधायच्या ठरल्यात, यंदा एकच झाली. ओघळात दगडाचे छोटे बांध घातलेत, त्यात गाळ धरायला लागलाय, गवत यायला लागलंय. तरवा गेलेली बाई आता ए-फ्रेम धरते. हात मोडलेला पोरगा तिच्याबरोबर खुंट्या मारतो. मी त्याला अजून नीट "चुकलं माझं" म्हटलेलं नाही. एकदा म्हणायला गेले तर तो म्हणाला, "मावशी, त्या खुंटीपाशी माती सैल आहे, बघा."

तुमच्या गावात असा ठराव येणार असेल तर आमच्या गटाची फ्रेम न्या, भाडं नाही. आणताना फक्त ओळंब्याचा दोरा नवा बांधून आणा, जुना उंदरांनी खाल्लाय.