कामगार कोणाला म्हणायचं?



२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात कुळांनी ठरवलं की खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पंचवीस गावांची शेतं ओस पडली. पोटासाठी कुणी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, कुणी खाडीत मासे धरले. पण १९३९ पर्यंत संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यांच्या पक्षाचं नावच होतं स्वतंत्र मजूर पक्ष.

कुळाला पगार नव्हता, तरी त्या पक्षानं त्याला मजुरांत धरलं. तेच योग्य होतं. ज्याच्या घामाचा हिशेब दुसरा करतो आणि ज्याचं उद्याचं काम दुसऱ्याच्या मर्जीवर असतं, तो कामगार. या मापानं बंदरातला खलाशी, दवाखान्यातली नर्स, कचेरीतला कारकून, वीटभट्टीवरची बाई, सगळे एकाच जातीचे.

मग एकी का होत नाही? कारखान्याच्या गेटवर उभं राहून पाहा. एकाच पाळीला, एकाच मशीनवर दोघं जातात. एकाच्या ओळखपत्रावर कंपनीचं नाव, दुसऱ्याच्या ओळखपत्रावर ठेकेदाराचं. ठेका बदलला की कार्ड बदलतं, आणि त्याची इतक्या वर्षांची नोकरी कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. त्यानं भांडायचं कुणाशी? कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीला विचारा. त्यात कायम कामगाराला वाटतं, हे आत आले तर आपला पगारवाढीचा करार अडेल. प्रकल्पग्रस्त म्हणतो, जमीन आमची गेली, आधी आम्ही. बाहेरगावचा फिटर गप्प राहतो, कारण त्याची खोलीसुद्धा ठेकेदारानंच दिलेली असते. यातल्या कुणाचीही भीती खोटी नाही, म्हणूनच ही फूट टिकते.

चरीच्या कुळांना खोत समोर दिसत होता आणि शेजाऱ्याची चूलही दिसत होती. आज मालक दिसत नाही. निदान शेजारी तरी पाहूया. युनियनची सुरुवात कायम कामगारांनी करायला हवी, कारण त्यांना लगेच काढता येत नाही. ठेक्यावरच्या माणसाला सभासद करून घ्या. पुढच्या मागणीपत्रातली पहिली मागणी त्याची असू द्या: ठेका बदलला तरी नोकरीची वर्षं मोजली जावीत. स्वस्तातला माणूस गेटबाहेर ताटकळत उभा आहे, तोवर आतल्याचाही पगार सुरक्षित नाही.