घरगुती साबण आणि उणेपणाची मर्यादा



भिलाईसारख्या पोलादाच्या नगरीत साबणाच्या वडीवर व्याख्यान योजावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून हे नगर प्रचंड प्रमाणावरील उत्पादनाचे प्रतीक बनले आहे. याउलट घरी साबण करणाऱ्याची सामग्री म्हणजे एक पातेले, एक तराजू आणि लाकडी साचा. तथापि या दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न सोडवावा लागतो : हाती आलेली वस्तू कल्पनेतील वस्तूशी तंतोतंत जुळत नसेल, तर ती स्वीकारावी की टाकून द्यावी?

पोलादाच्या कारखान्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिलेले आहे. भिलाईच्या रुळांतील कार्बनचे प्रमाण एका विशिष्ट आकड्याइतकेच असावे, असे मानक सांगत नाही. ८८० दर्जाच्या रुळासाठी ते शेकडा ०.६० ते ०.८० या मर्यादेत असावे, एवढेच ते सांगते. रुळाच्या पृष्ठभागावर चढलेला तांबूस गंज कोणी दोष मानीत नाही. अंतरंगातील बारीक भेग मात्र श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने शोधून काढली जाते, कारण त्या भेगेवर प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. म्हणजे उणेपणा दोन प्रकारचा असतो. एक डोळ्यांना खुपणारा, दुसरा घात करणारा. साबण करणाऱ्याने शिकावयाचे ते हेच की या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

साबण तयार होतो तो तेल आणि क्षार यांच्या संयोगातून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संयोगाचे स्वरूप उलगडून दाखविले. तेलातील मेदाम्ले क्षाराशी संयोग पावून साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. प्रत्येक तेलाला लागणारा क्षार निराळा असल्यामुळे घरगुती साबणाचा पाया पाककौशल्यात नसून तोलमापात आहे.

छत्तीसगढच्या वनप्रदेशात मोहाच्या बिया वेचून त्यांचे तेल काढतात. या बियांना येथे टोरी म्हणतात. ७०० ग्रॅम मोहाचे तेल आणि ३०० ग्रॅम खोबरेल असे मिश्रण घेतले, तर पहिल्याला सुमारे साडेचौऱ्याण्णव ग्रॅम आणि दुसऱ्याला सुमारे पंचावन्न ग्रॅम, असा एकूण दीडशे ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोडा लागतो. पण हा आकडा सरासरीचा आहे. मोहाच्या तेलाचा साबणीकरणांक १८७ ते १९७ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. झाड, हंगाम, बियांची साठवण यांवर तो अवलंबून असतो, आणि घरी तो मोजण्याचे साधन नसते. त्यात कॉस्टिक सोडा हवेतील ओलावा व कर्बवायू शोषून घेतो, त्यामुळे उघड्या डब्यातील सोड्याचे बळ दिवसेंदिवस घटत जाते. अशा स्थितीत अचूकपणाचा आग्रह धरणे म्हणजे अज्ञानाला काटेकोरपणाचे नाव देणे होय.

यावर अनुभवी मंडळींनी योजलेला उपाय मोठा मार्मिक आहे. ते हिशेबाने येणाऱ्या सोड्यापेक्षा शेकडा पाच भाग सोडा कमी घालतात. वरील मिश्रणात १४२ ग्रॅम सोडा घातला, की मोहाचे तेल साबणीकरणांकाच्या कोणत्याही टोकाचे निघाले तरी शेकडा चार ते सात भाग तेल असंयुक्त राहते. ते त्वचेला मऊपणा देते, आणि मोकळा क्षार मात्र उरत नाही. येथे उणेपणा चुकून आलेला नाही. तो जाणूनबुजून, आणि कोणत्या बाजूला असावा हे ठरवून, ठेवलेला आहे.

आता वडीच्या दर्शनी दोषांकडे वळू. साचा उघडल्यावर वडीवर पांढरट भुकटी दिसते. पृष्ठभागावरील क्षाराचा हवेतील कर्बवायूशी संयोग होऊन बनलेला तो धुण्याचा सोडा असतो. तो ओल्या फडक्याने पुसून निघतो. वैशाखात भिलाईचे तापमान ४४–४५ अंशांपर्यंत चढते. तेव्हा साच्यातील उष्णता बाहेर पडत नाही आणि वडी मध्यभागी फुगून तडकते. हिवाळ्यात तीच उष्णता फार लवकर निघून जाते, आणि मधला भाग गडद तर कडा फिकट असे दोन रंग दिसतात. पावसाळ्यात वडीला घाम सुटतो. हा घाम म्हणजे साबणातील ग्लिसरिनाने हवेतून ओढून घेतलेले पाणी होय. मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून विकले जाते. घरच्या वडीत ते सर्वच्या सर्व राहते. म्हणजे ज्याला नवशिका दोष समजतो, तो वस्तुतः त्या वडीच्या गुणाचाच पुरावा असतो.

परंतु उणेपणा स्वीकारावा या उपदेशाचा अर्थ काहीही स्वीकारावे असा होत नाही. वडी कापली असता आत पांढरे कठीण खडे किंवा पाण्यासारख्या द्रवाचे कप्पे आढळले, तर तेथे मोकळा कॉस्टिक सोडा असण्याची शक्यता असते, आणि तो कातडी जाळतो. अशी वडी कितीही सुबक असली तरी ती अंगाला लावणे वा दुसऱ्यास देणे हा अपराध होय. ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकता तो गडद गुलाबी झाला, तर वडी तशीच वापरू नये. ती किसून, थोड्या पाण्यासह पुन्हा शिजवून एकजीव करावी. हिशेबातच सोडा अधिक पडला असल्यास तेलाची भर घालावी, आणि वजनाविषयी खात्रीच नसेल तर ती टाकून द्यावी. सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यात कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावेत, आणि मुले जवळ नसावीत. या बाबतीत तडजोडीला जागा नाही. वडी चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू देणे हेही त्याच शिस्तीत मोडते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विचाराला एक पूर्वपीठिका आहे. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत त्याचे काम उभारले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांबरोबर साबण हाही तेथील प्रयोगांचा विषय होता. ग्रामोद्योगी साबणासाठी वापरली जाणारी सज्जीमाती ही खारवट माती असून तिच्यातील क्षाराचे प्रमाण जागोजागी बदलते. अशा मालावर काम करणाऱ्याला प्रत्येक घाण्याला नव्याने अंदाज घ्यावा लागतो आणि निष्पत्तीतील फरक गृहीत धरावा लागतो. तो फरक आळसामुळे आलेला नसून कच्च्या मालाचा स्वभाव त्यात उमटलेला असतो, हे ओळखणे ही त्या कामाची पहिली अट होती.

तेव्हा घरी साबण करणाऱ्याने प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी : तेल कोणते, किती, सोडा किती, त्या दिवशी उष्मा किती, वडी कशी निघाली. अशा नोंदींतून कोणता दोष ऋतूचा, कोणता मालाचा आणि कोणता हाताचा हे कळू लागते. ऋतूचा दोष सोसावा, मालाच्या दोषासाठी हिशेबात जागा ठेवावी, हाताचा दोष सुधारावा. वेडीवाकडी पण निर्धोक वडी निःशंकपणे वापरावी. सुबक पण संशयास्पद वडी तपासल्याविना कोणाच्याही हाती देऊ नये. रुळाची परीक्षा करणाऱ्या नगराला हा विवेक नवा नाही. तो कारखान्याच्या फाटकातून घराच्या ओट्यापर्यंत यावा, इतकेच या व्याख्यानाचे मागणे आहे.