दलालीणबाईंची वीस तासांची शाळा



आम्ही तिघी नाशिकच्या सिडको भागात घरं दाखवण्याचं काम करतो. लोक तोंडावर एजंट म्हणतात, पाठीमागे दलालीण. सुरुवात झाली ती भाड्याच्या खोल्यांपासून. कुणाची बदली झाली, कुणाला शाळेजवळ खोली हवी, की बोलावणं यायचं. पुढे नव्या साईटवाले विचारू लागले, गिऱ्हाईक आणता का? आम्ही आणू लागलो. या कामाला शिक्षण लागतं असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. तोंड गोड असलं, पायांत बळ असलं की झालं!

2019 मध्ये आमच्या ओळखीच्या एका ताईंना आम्ही फ्लॅट दाखवला. किंमत 22 लाख. ताई एकट्या, पदरी मुलगी. बिल्डरने 7 लाख विसार मागितला आणि साध्या पावतीवर घेतला. साठेखत नंतर करू, म्हणाला. ताईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हटलं, द्या, माणूस चांगला आहे. बांधकाम दुसऱ्या मजल्यावर थांबलं ते थांबलंच. आमचं कमिशन आम्ही ताईंना परत केलं, पण त्याने काय होणार?

मग जानेवारी 2023 मध्ये महारेराचा आदेश आला. महारेरा म्हणजे नव्या गृहप्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख ठेवणारं आपल्या राज्याचं प्राधिकरण. आता एजंटाला 20 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, परीक्षा द्यावी लागेल, त्याशिवाय नोंदणी नाही. नव्यांना हा नियम 1 मे 2023 पासून लागू झाला. जुन्यांना मुदत मिळाली, ती वाढत वाढत 1 जानेवारी 2024 पर्यंत गेली. तरीही प्रमाणपत्र न दिलेल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी पुढे स्थगित झाली. खरं सांगायचं तर आम्हीही आधी कुरकुर केली. एका व्यक्तीच्या नोंदणीलाच 10 हजार रुपये, वर क्लासची फी. आणि परीक्षा कॉम्प्युटरवर! आमच्यातल्या एकीने तोवर माऊस हातात धरला नव्हता. तिच्या भाच्याने तिला आठवडाभर पत्त्यांचा खेळ खेळायला लावला, तेव्हा कुठे बाण जागेवर थांबायला लागला.

वर्गात कलम 13 शिकवलं त्या दिवशी आम्ही तिघी गप्प झालो. नोंदवलेलं साठेखत झाल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे ताईंकडून जास्तीत जास्त 2 लाख 20 हजार. त्याने 7 लाख घेतले होते आणि शेजारी बसून नोटा मोजायला आम्ही मदत केली होती. हा कायदा 2016 चा, आणि हे कलम 1 मे 2017 पासून लागू. म्हणजे ताईंनी पैसे दिले तेव्हा त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. आम्हाला माहीतच नव्हतं. शिवाय नोंदणी न करता अशा साईटवर गिऱ्हाईक नेणाऱ्या एजंटाला दिवसाला 10 हजार रुपये दंड होऊ शकतो, हेही त्याच वर्गात कळलं.

दुसरी गोष्ट चटई क्षेत्राची, म्हणजे कार्पेट एरियाची. आम्ही वर्षानुवर्षं 'साडेसहाशेचा फ्लॅट' असं बेधडक सांगायचो. त्यात जिना, लिफ्ट, गच्ची सगळं धरलेलं असायचं. कायद्याप्रमाणे चटई क्षेत्र म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची धरायची नाही. वर्ग संपल्यावर आम्ही टेप घेऊन एका साईटवर गेलो. साडेसहाशेच्या जागी 430 भरले. सेल्सचा मुलगा म्हणाला, मॅडम, असं कुणी मोजतं का? आता आम्ही मोजतो. दोन साईटवाल्यांनी त्यापायी आम्हाला बोलावणं बंद केलं.

पण एक तक्रार आहे आमची. हे सगळं शिक्षण नव्या प्रकल्पांपुरतं. भाड्याच्या खोल्या, जुन्या फ्लॅटची विक्री याला ही परीक्षा लागत नाही. आणि आमच्यासारख्या बायकांचं निम्मं काम तर तेच! शिवाय एकदा परीक्षा दिली म्हणून भागत नाही. आमच्या परीक्षेला वर्षही झालं नव्हतं, तोच एप्रिल 2024 मध्ये महारेराने सांगितलं की विकलेल्या पार्किंगची जागा, लांबी, रुंदी, उंची हे सगळं करारासोबत लेखी जोडायचं. ते आम्हाला कळलं एका गिऱ्हाइकाकडून. लाज वाटली. तेव्हापासून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही एकत्र बसतो, महारेराच्या संकेतस्थळावर नवीन काय आलंय ते एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी शंका काढायच्या. एकीचं वाचन चालू असताना दुसरी शेंगा सोलत असते, पण बैठक चुकत नाही.

घर घेणाऱ्या मैत्रिणींनो, एजंटाला त्याचा महारेरा क्रमांक विचारा. तो इंग्रजी 'ए'पासून सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'पासून. साईटच्या जाहिरातीवरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करा, प्रकल्पाची माहिती उघडते. विचारलं म्हणून कुणाला राग आला, तर येऊ द्या.

परीक्षा पास झाल्यावर आम्ही त्या ताईंकडे गेलो. महारेराकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी 5 हजार, व्याजासह पैसे मागता येतात, हे सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे तेव्हा कुठे होतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. फी आम्ही तिघींनी भरली. पावती आणि बँकेचे कागद जोडून तक्रार दाखल केली आहे. सुनावणीला ताईंबरोबर आम्हीही जाणार आहोत, नोटा मोजायला आम्ही तिथे होतो हे सांगायला.

पहिल्या शनिवारच्या बैठकीला यायचं असेल, तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. येताना आपले कागद घेऊन या.