सर्वांना एकच भाव



१९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आपल्या लोकांना उघडले आणि पुढे बडोद्याहून जी मंडळी तिकडे गेली, त्यांत आम्हीही होतो. तेथे आमचा संसार उभा राहिला तो ‘सर्व्हिस मर्चंडाइज’ आणि ‘बेस्ट प्रॉडक्ट्स’ या दुकानांच्या जाडजूड सूचिपत्रांवर. रात्री जेवणे आटोपली की सूचिपत्र उघडून हिशेब मांडावयाचा. इस्त्री आधी की घरी पाठवावयाचे घड्याळ आधी, यावर बराच खल होई.

दुकानात वस्तूंचे नुसते नमुने मांडलेले असत. चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहावयाचा, पैसे भरावयाचे, की कोठारातून सरकत्या पट्ट्यावरून खोके समोर येई. विक्रेते थोडे, मांडणीचा खर्च थोडा, म्हणून भाव उतरता.

परंतु आम्हांला खरे मोल वाटले ते स्वस्ताईचे नव्हे. आमचे इंग्रजी अडखळते, खिसा हलका. तरी कोणापुढे अजीजी करावी लागली नाही. भाव छापलेला, आणि सर्वांना एकच.

अधिक मोठ्या सवलतीच्या दुकानांपुढे हा धंदा टिकला नाही. ‘बेस्ट’ १९९७ मध्ये मिटले. ‘सर्व्हिस मर्चंडाइज’ची दुकाने २००२ मध्ये बंद झाली.

आपल्या संस्थेच्या दारी येणाऱ्या विद्यार्थ्यालाही तोच निर्धास्तपणा लाभावा. मदतीचे नियम छापलेले असावेत, अर्ज साधा असावा, आणि कोणाची ओळख न सांगता त्याचे काम व्हावे.