वारसा आणि विश्वास



ख्रिस्ती घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी आपला विश्वास आजच्या जगात कसा जगावा आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना कोणते साहाय्य करावे, हा आजचा विषय. प्रश्न एका समाजाचा दिसतो. परंतु ज्या ज्या घराला आपली श्रद्धा पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाची आहे, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

या मुलांवर दोन बाजूंनी ताण पडतो. शाळेत कोणी सहज म्हणून जातो, "तुमचा धर्म साहेबांचा." इकडे हातातला मोबाइल दिवसभर सांगत असतो की, चारचौघांसारखे दिसलात म्हणजे पुरे, श्रद्धेची उठाठेव कशाला? पहिला ताण मुलाला लाजवितो, दुसरा त्याला विरघळवितो. आपण घाबरतो आणि कुंपण घालतो. "तिकडे जाऊ नकोस, हे विचारू नकोस, रविवारी मुकाट्याने उपासनेला चल." मूल येते, पण मन चपलांबरोबर बाहेर ठेवून येते.

पहिल्या ताणावर उतारा म्हणजे स्वतःच्या परंपरेची ओळख. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचे. तरीही १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' अवतरले ते मराठी ओवीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, परंतु अभंग आणि कीर्तन सोडले नाही. उलट ते ख्रिस्तचरणी वाहिले. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला मराठी आणि ख्रिस्ती यांतून एकाची निवड करावी लागत नाही.

दुसऱ्या ताणावर उतारा मात्र इतिहासाने मिळत नाही. तेथे प्रश्न विचारण्याची मोकळीक हवी. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तेथील धर्मगुरुभगिनींनी सांगितलेले प्रत्येक मत त्यांनी डोळे मिटून स्वीकारले नाही. त्या पत्रांतून वाद घालीत राहिल्या, आणि तरीही त्यांचा विश्वास अखेरपर्यंत टिकला. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे आपला मार्ग वेगळा ठेवला आणि मन वळले तेव्हाच पाऊल उचलले. आणि शुभवर्तमानातला बारा वर्षांचा येशू? तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्नही विचारीत होता. मग आपल्या मुलाने विचारले, तर आपण का दचकावे?

एक रोजचे उदाहरण घेऊ. मित्राच्या घरी गणपती आहे. त्याने प्रसाद पुढे केला. मुलाने काय करावे? मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचा प्रश्न करिंथच्या मंडळीपुढेही होता. पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात नुसती आज्ञा नाही. कारणे आहेत, दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा विचार आहे. ते प्रकरण मुलाबरोबर बसून वाचावे. ख्रिस्ती घरांत याबाबत एकमत नाही, हेही त्याला सांगावे. मग त्याने प्रसाद घेतला नाही, तरी मित्राच्या घरी जावे, आरास पाहावी, आजींना नमस्कार करावा आणि आपले कारण नम्रपणे सांगावे. नुसते "आमच्यात चालत नाही" म्हणणारा मुलगा कुंपणाआड उभा असतो. कारण सांगू शकणारा आपल्या पायांवर उभा असतो.

तेव्हा पालकांनो आणि पाळकांनो, "मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू" हे वाक्य मुलासमोर उच्चारण्यात कमीपणा मानू नका. आणि येथे बसलेल्या इतर धर्मीय श्रोत्यांना एवढीच विनंती: तुमच्या दारी आलेल्या अशा मुलाने हात जोडून नको म्हटले, तर रागावू नका. त्याला चहा द्या, बसवून घ्या आणि पुढच्या वर्षीही बोलवा.